मुरमाच्या वाटेवरची सायकल

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

सायकल चालवायची तर रस्ता गुळगुळीत हवा, अशी आपली सर्वसाधारण समजूत असते. डांबर संपलं आणि खडी लागली, की आपण सायकलवरून उतरतो, रस्ता खात्याच्या नावानं चार शब्द बोलतो आणि सायकल हातात धरून चालू लागतो. गेल्या पंधरा-वीस वर्षांत मात्र जगभरच्या सायकलवाल्यांचा एक मोठा वर्ग याच्या अगदी उलट वागू लागला आहे. डांबर जिथं संपतं, तिथून त्यांची सहल सुरू होते. या प्रकाराला म्हणतात ग्रॅव्हल बाइकिंग. ग्रॅव्हल म्हणजे बारीक खडी, गोटे, वाळू यांचं मिश्रण. आपल्या भाषेत सांगायचं तर मुरमाचा रस्ता.

आज या सायकलीबद्दल बोलायचं आहे. पण दूरच्या देशातल्या गमतीजमती सांगून थांबायचं नाही. पुण्यापासून तासा-दीड तासाच्या अंतरावर असलेले शिरूर आणि दौंड हे दोन तालुके या सायकलीसाठी कसे योग्य आहेत, तिथं फिरताना जमीन कशी ओळखायची, काय सांभाळायचं आणि ज्या वाटांवरून आपण जातो त्या मुळात कोणाच्या, हे आपण पाहणार आहोत.

पांढरे रस्ते

भूमध्य समुद्राच्या काठी, स्पेनच्या कॅटलोनिया प्रांतात गिरोना नावाचं शहर आहे. शहर आणि समुद्र यांच्यामध्ये गवारेस नावाच्या ठेंगण्या डोंगरांची रांग आहे. या डोंगरांत ज्या झाडाच्या सालीपासून बाटलीची बुचं बनतात त्या ओकची जंगलं आहेत. साल काढायला, लाकूड आणायला आणि वणवा विझवायला जंगलात कच्चे रस्ते केलेले होते. गिरोनाहून समुद्रकिनाऱ्यावरच्या एका गावापर्यंत जाणारी लहान रेल्वे १९६९मध्ये बंद पडली. तिच्या रुळांच्या जागी पुढे सायकलचा रस्ता झाला. या जंगलवाटा, जुना रेल्वेमार्ग आणि मधली दगडी घरांची खेडी यांमुळे गिरोना आज ग्रॅव्हल सायकलवाल्यांचं मोठं ठाणं बनलं आहे.

इटलीतल्या टस्कनीची गोष्ट आणखी बोलकी आहे. तिथल्या द्राक्षमळ्यांतून जाणारे कच्चे रस्ते चुनखडीच्या मातीमुळे पांढरे दिसतात. एकेका रस्त्यावर डांबर पडत चाललं, तेव्हा हे रस्ते नाहीसे होऊ नयेत म्हणून १९९७मध्ये काही सायकलप्रेमींनी जुन्या सायकलींची एक फेरी सुरू केली. तिचं नाव ‘लेरोइका’. त्यातूनच २००७मध्ये ‘स्त्रादे बियांके’, म्हणजे ‘पांढरे रस्ते’, ही व्यावसायिक शर्यत निघाली. सिएना शहराच्या प्रसिद्ध चौकात संपणारी ही शर्यत आज जगातल्या मोठ्या शर्यतींमध्ये गणली जाते. ग्रॅव्हल सायकलींची पहिली अधिकृत जागतिक स्पर्धासुद्धा २०२२मध्ये इटलीतच झाली.

तरीही या खेळाला डोंगर आणि जंगल लागतंच असं नाही. त्याची सगळ्यांत नावाजलेली लांब पल्ल्याची शर्यत २००६पासून अमेरिकेतल्या कॅन्सस राज्यात होते, आणि तो प्रदेश म्हणजे गवताचं माळरान आहे. उघडा माळ, गारगोटीसारखे धारदार दगड, चरणारी गुरं आणि क्षितिजापर्यंत दिसणारी वाट. हे वर्णन ऐकून शिरूर-दौंडच्या माणसाला आपलाच माळ डोळ्यांपुढे दिसेल.

दुधवाल्याची सायकल

ही सायकल वेगळी असते म्हणजे नेमकी कशी? शर्यतीच्या सायकलीसारखा तिचा हँडल खाली वळलेला असतो. चाकांचे टायर मात्र रुंद असतात. शर्यतीच्या सायकलीचा टायर २५ ते ३० मिलिमीटरचा, तर ग्रॅव्हल सायकलीचा साधारण ३५ ते ५० मिलिमीटरचा असतो. दोन चाकांमधलं अंतर जरा जास्त असतं, त्यामुळे सायकल खडीवर सैरभैर होत नाही. चढासाठी हलके गिअर असतात आणि ब्रेक चकतीचे असतात.

आता आपली जुनी काळी सायकल आठवा. दोन्ही बाजूंना दुधाचे कॅन लटकवून वस्तीवरून गावात येणारी. तिच्या टायरवर आकडा असायचा २८ गुणिले दीड इंच. दीड इंच म्हणजे ३८ मिलिमीटर, म्हणजे ग्रॅव्हल सायकलीच्या टायरचंच माप. तिच्याही दोन चाकांमधलं अंतर लांब होतं. याचं कारण असं की ही सायकल ज्या काळात घडली, त्या काळी बहुतेक रस्ते कच्चेच होते. सायकल आधी आली, डांबरी रस्ते नंतर. पुढे रस्ते गुळगुळीत झाले, टायर अरुंद होत गेले, आणि आता मंडळी फिरून दीड इंचावर आली आहेत. काळी सायकल वजनाला भारी होती, तिला गिअर नव्हते आणि पावसात तिचे ब्रेक धरत नसत, हेही खरं. नव्या सायकलीनं या तीन उणिवा भरून काढल्या. चाकाचं शहाणपण मात्र जुनंच आहे.

रुंद टायरचा उपयोग काय, हे नीट समजून घेण्यासारखं आहे. हवा जितकी कडक तितकी सायकल पळते, असं आपण मानतो. गुळगुळीत रस्त्यावर ते बऱ्याच अंशी बरोबर आहे. खडीवर मात्र कडक टायर प्रत्येक दगडावरून उडतो. दर वेळी सायकल आणि तिच्यावरचा माणूस थोडा वर उचलला जातो, आणि हे उचलण्याचं काम शेवटी पायांनाच करावं लागतं. कमी हवेचा टायर दगडाभोवती दबतो आणि त्याला पोटात घेऊन पुढे जातो. लोखंडी धाव बसवलेल्या बैलगाडीत बसलेल्याला आणि नंतर टायरच्या गाडीत बसलेल्याला हा फरक वेगळा सांगावा लागत नाही. बैलांनाही तो कळतो!

साधा हिशेब करू. माणूस आणि सायकल मिळून ९० किलो वजन धरलं, तर एका चाकावर सुमारे ४५ किलो येतं. टायरमध्ये ९० पौंड हवा असेल, तर तो जमिनीला साधारण सात चौरस सेंटिमीटर टेकतो. हवा ३५ पौंडांवर आणली, की टेकणारी जागा अठरा चौरस सेंटिमीटरच्या आसपास जाते. म्हणजे पकड मिळवणारी जागा अडीच पट झाली. मुरमावर घसरणं कमी होतं ते यामुळे. हवा फार कमी केली, तर दगडावर रिम आपटून ट्यूब चिमटते, हेही लक्षात ठेवायला हवं.

यासाठी नवी महागडी सायकल घ्यायलाच हवी असं नाही. घरात हँडल सरळ असलेली साधी गिअरची सायकल असेल आणि तिला ३५-४० मिलिमीटरचा टायर बसत असेल, तर सुरुवात झालीच.

कालव्याच्या वर, कालव्याच्या खाली

आता या दोन तालुक्यांच्या जमिनीकडे वळू. मध्ये भीमा वाहते. तिच्या उत्तरेला शिरूर, दक्षिणेला दौंड. शिरूरच्या उत्तर अंगानं घोड नदी येते आणि दौंड शहराच्या वरच्या बाजूला भीमेला मिळते. सह्याद्रीच्या घाटमाथ्यावर पडणारा धो धो पाऊस इथपर्यंत येता येता आटतो. वर्षाकाठी पाचशे मिलिमीटरच्या आसपास, म्हणजे वीस इंच पाऊस. म्हणून इथं दाट जंगल नाही. गवताचे माळ, बाभळी-बोरी, मधूनच लहान टेकड्या आणि ओढे.

या प्रदेशाला दोन भागांत विभागणारी एक रेषा आहे, आणि ती सायकलवाल्यानं प्रथम ओळखावी. ती रेषा म्हणजे कालवा. खडकवासल्याहून निघालेला नवा मुठा उजवा कालवा हवेली, दौंड आणि इंदापूर तालुक्यांतून सुमारे दोनशे किलोमीटर जातो. शिरूर तालुक्यात चासकमानचा डावा कालवा येतो, आणि १९६५मध्ये पूर्ण झालेल्या चिंचणीच्या घोड धरणाचं पाणीही फिरतं. कालव्यातलं पाणी आपल्या वजनानं वाहायला हवं आणि काठही कापायला नको, म्हणून त्याला उतार अगदी थोडा देतात. कित्येक हजार फुटांना एखादा फूट. त्यासाठी कालवा टेकडीला वळसे घेत एकाच उंचीवरून जातो. त्याच्या बांधावरची मुरमाची वाटही तशीच वळणावळणानं, पण जवळजवळ सपाट जाते. नव्या माणसाला सरावासाठी याहून चांगला रस्ता नाही.

कालव्याच्या खालच्या अंगाला ऊस, काळी जमीन, गुऱ्हाळं, दाट वस्ती. वरच्या अंगाला ज्वारी-बाजरीची कोरडवाहू शेतं आणि त्यापलीकडे माळ. यवत-केडगावच्या परिसरात उभं राहून दक्षिणेला भुलेश्वराच्या डोंगराकडे पाहावं आणि मग उत्तरेला भीमेकडे पाहावं. शंभर पावलांत दोन वेगळे देश भेटतात.

पाणी वळवण्याची ही धडपड इथं नवी नाही. शिरूर तालुक्यातच घोडच्या काठी इनामगाव आहे. डेक्कन कॉलेजच्या पुरातत्त्वज्ञांनी १९६८ ते १९८३ या काळात तिथं उत्खनन केलं. इसवी सनापूर्वी सुमारे १६०० ते ७०० या काळातली शेतकऱ्यांची वस्ती तिथं सापडली, आणि पाणी वळवण्यासाठी खणलेला पाट व त्याचा बांधही सापडला. तीन हजार वर्षांपूर्वीच्या त्या पाटाच्या गावाकडे आज आपण पाटाच्या रस्त्यानं जातो.

शिरूरच्या टाकळी हाजीकडून पुढे गेलं, की कुकडी नदीच्या पात्रातले रांजणखळगे लागतात. पलीकडच्या निघोज गावाच्या नावानं ते प्रसिद्ध आहेत. पुराच्या भोवऱ्यात अडकलेले गोटे गरगरत राहतात, तळाचा काळा बसाल्ट घासतात, आणि हजारो वर्षांत खडकाला रांजणासारखे खोल खड्डे पडतात. खडी काय करू शकते, हे पाहायचं असेल तर इथं जावं.

रंगावरून जमीन ओळखावी

कच्च्या रस्त्यावर चाकाच्या पुढ्यात पाहून चालत नाही. वीस-पंचवीस पावलं पुढे पाहावं आणि रंग ओळखावा. तांबूस-पिवळसर रंग म्हणजे मुरूम. बसाल्ट खडक झिजून-कुजून मुरूम होतो. पाणी त्यातून झिरपून जातं, म्हणून पाऊस थांबल्यावर तो लवकर चालवण्याजोगा होतो. माळावरच्या वाटा बहुतेक अशा. काळा रंग म्हणजे नदीकाठची भारी जमीन. ती कोरडी असताना ठणठणीत असते, पण भिजली की फुगते आणि चाकाला असा गोळा धरते की चाक फिरेनासं होतं. तिथं जोर लावण्यात अर्थ नाही; सायकल खांद्यावर घ्यायची किंवा मागं फिरायचं. राखी, भुसभुशीत रंग म्हणजे ओढ्याची वाळू. तिच्यात शिरण्यापूर्वीच गिअर हलका करावा, हँडल सैल धरावा आणि पेडल थांबवू नये.

वळणावर ब्रेक दाबू नये, वळणाच्या आधी दाबावा. सुट्या मुरमाचा चढ असेल तर उभं राहून पेडल मारू नये, कारण मागच्या चाकावरचं वजन जातं आणि ते जागीच फिरतं.

आणखी एक शत्रू म्हणजे काटा. बाभळीचा काटा मोठा असतो, तो दिसतो तरी. खरा त्रास सराट्याचा. जमिनीला चिकटून पसरणारी ही वेल, पिवळी फुलं आणि टोकदार फळं. हाच सराटा भूमध्य समुद्राच्या काठीही उगवतो आणि तिथल्या सायकलवाल्यांचाही तो वैरी आहे. यावर उपाय म्हणून हल्ली बिनट्यूबच्या टायरमध्ये चिकासारखा पातळ द्रव घालतात. काटा घुसला की तो द्रव भोकातून बाहेर येताना गोठतो आणि भोक बुजतं. ट्यूबचा टायर असेल तर दोन जादा ट्यूब, पट्टी, सोल्यूशन आणि पंप जवळ हवाच. माळावर पंक्चरचं दुकान नसतं.

काय सांभाळावं

या वाटांवरची सगळ्यांत गंभीर गोष्ट बिबट्याची आहे. कालव्याच्या पाण्यानं ऊस आला, आणि उसात लपायला जागा मिळाल्यानं बिबट्या तिथंच राहू लागला, तिथंच पिलं वाढवू लागला. २०२५च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये शिरूर तालुक्यात पिंपरखेडच्या परिसरात बिबट्याच्या हल्ल्यांत लहान मुलांसह तीन जीव गेले. तिथल्या माणसांसाठी रात्रीच्या पाळीला पिकाला पाणी द्यायला जाणं हेसुद्धा धोक्याचं झालं आहे. आपण सहलीला गेलेली माणसं. उसाच्या कडेच्या वाटेनं पहाटे अंधारात आणि दिवस मावळताना सायकल घालू नये, एकट्यानं तर नाहीच. ऊन चांगलं वर आल्यावर निघावं आणि उजेडी परतावं. उन्हाळ्यात हे जमत नाही, म्हणून हा हिवाळ्याचा उद्योग मानावा. दिवाळीपासून फेब्रुवारीपर्यंत हवा चांगली असते. तेव्हा कारखान्यांचे गाळपाचे दिवसही असतात. दोन ट्रेलर ओढणाऱ्या उसाच्या ट्रॅक्टरला अरुंद रस्त्यावर जागा सोडून बाजूला उभं राहावं.

कालव्याच्या बांधाला कठडा नसतो. पाणी संथ दिसलं तरी ओढ असते, आणि अस्तर केलेल्या उतारावर हाताला धरायला काही नसतं. पोहता येत असलं तरी पाय धुवायलाही उतरू नये. बांधाची मालकी जलसंपदा खात्याची आहे. जिथं मज्जावाची पाटी किंवा फाटक असेल तिथून मागं वळावं.

माळावर धनगरांचे वाडे आणि मेंढ्यांचे कळप भेटतात. कळप दिसला की उतरावं. धनगराचा कुत्रा पळत्या वस्तूच्या मागं लागतो. सायकल मध्ये धरून शांतपणे चालत गेलं तर बहुधा तो गप्प बसतो. याच माळांवर लांडगा राहतो, चिंकारा राहतो. दौंडच्या दक्षिणेला, बारामती तालुक्यातल्या सुप्याजवळ चिंकारांसाठी १९९७मध्ये मयूरेश्वर अभयारण्य झालं. अवघं पाच चौरस किलोमीटरचं. माळ म्हणजे पडीक जमीन, अशी आपली जुनी समजूत आहे. पण गवतावर जगणाऱ्या या प्राण्यांना घनदाट जंगलात नेऊन सोडलं तर ती जगणार नाहीत. म्हणून मळलेली वाट सोडून गवतात सायकल घालू नये. प्राणी पाहायचे असतील, तर वन विभागानं २०२४पासून कडबनवाडी आणि शिर्सुफळ इथं गवताळ प्रदेशाची सफारी सुरू केली आहे, तिथं रीतसर जावं.

वाट कोणाची?

शेवटचा मुद्दा मला सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो. ज्या वाटांवरून आपण हौसेनं जातो, त्या हौसेसाठी झालेल्या नाहीत. त्या शिवरस्ते आहेत, पाणंद रस्ते आहेत, गाडीवाटा आहेत. गावच्या जुन्या नकाशात त्या दाखवलेल्या असतात. दोन तुटक रेषा म्हणजे गाडीमार्ग, साधारण साडेसोळा ते एकवीस फुटांचा. एक तुटक रेषा म्हणजे पायवाट, सव्वाआठ फुटांची. प्रत्यक्षात गेलं तर अनेक ठिकाणी एकवीस फुटांचे सहा फूट झालेले दिसतात, आणि काही ठिकाणी वाट शेतात मिळून गेलेली असते. दोन्ही बाजूंचे बांध दर वर्षी नांगराच्या एकेका तासानं पुढे सरकले, एवढंच त्याचं कारण.

सायकलवाल्याला यात फार तर वळसा पडतो. पण ज्याचं शेत त्या वाटेच्या शेवटी आहे, त्याचा ऊस तोडूनही बाहेर निघत नाही, दूध वेळेवर डेअरीत पोचत नाही, आजारी माणसाला खाटेवर घालून आणावं लागतं. यासाठी कायदा आहे. १९०६च्या मामलेदार न्यायालय अधिनियमाच्या पाचव्या कलमाखाली अडवलेला रस्ता खुला करून द्यायचा अधिकार तहसीलदारांना आहे. १९६६च्या जमीन महसूल संहितेच्या १४३व्या कलमाखाली बांधावरून नवा रस्ताही मागता येतो. २०२५च्या मे महिन्यात शासनानं शेतरस्ता किमान तीन ते चार मीटर असावा आणि त्याची नोंद सातबाऱ्याच्या इतर हक्कांत व्हावी, असा निर्णय घेतला. तरीही भाऊबंदकीत अडकलेली वाट मोकळी करणं किती अवघड असतं, हे गावात राहणाऱ्याला सांगायला नको.

टस्कनीतल्या लोकांनी कच्चा रस्ता कच्चाच ठेवावा असा आग्रह धरला. तो त्यांच्या परिस्थितीत योग्य असेल. आपण शिरूर-दौंडच्या शेतकऱ्याला, तुझा रस्ता चिखलाचाच राहू दे, असं म्हणणं बरोबर होणार नाही. त्याला पावसाळ्यात ट्रॅक्टर जाईल असा घट्ट मुरमाचा, खडीचा रस्ता हवा आहे. गंमत अशी, की आपल्या सायकलीलाही नेमका तोच हवा असतो. वाट मोकळी असावी आणि बारा महिने चालावी, इथं दोघांचं हित एक होतं.

म्हणून या वाटांवर जाणाऱ्यानं थोडं पाहुण्यासारखं आणि थोडं साक्षीदारासारखं वागावं. पेरलेल्या रानातून आडवं जाऊ नये. काट्याची फांदी बाजूला करून आत गेलात, तर मागं ती पुन्हा होती तशी लावावी. भेटेल त्याला राम राम करावा आणि वाट विचारावी. विचारताना ‘रस्ता आहे का?’ असं विचारू नये, कारण उत्तर ‘आहे की’ असंच येतं. ‘पुढं मोटरसायकल जाते का?’ असं विचारावं. मग नेमकं उत्तर मिळतं. कुठल्या ओढ्याला पाणी आहे, कोणी चर खणून वाट अडवली आहे, कोणत्या उसात काल बिबट्या दिसला, हे सगळं त्या दोन मिनिटांत कळतं. चहा-नाश्ता हमरस्त्यावरच्या मोठ्या हॉटेलात घेण्यापेक्षा गावातल्या टपरीवर घ्यावा.

पहिल्यांदा जाणार असाल तर वीस-पंचवीस किलोमीटरच ठरवा. सोबत दोघं-तिघं असावेत, दोन लिटर पाणी, पंक्चरचं सामान आणि गावचा नकाशा घ्यावा. महसूल खात्याकडे गावचे नकाशे मिळतात. नकाशातली तुटक रेषा आणि पायाखालची वाट जुळते का, ते पाहत जा. जिथं जुळत नाही, तिथं ती का जुळत नाही, एवढं जवळच्या वस्तीवर विचारा. त्या उत्तरात गावाचा बराच इतिहास ऐकायला मिळेल.